कुंडीच्या नाल्यावरची सदतीस झाडं

धुळे, ता. २४ ऑक्टोबर १९२६

तीर्थस्वरूप सौ. अक्का हिला धाकट्या मगनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व ठीक. कुंदाचा ताप उतरला, पण तोंडाला चव नाही म्हणते. तू पाठवलेले लिंबाचे लोणचे मात्र चव नसतानाही निम्मे संपवले आहे.

पत्र लिहिण्याचे कारण कामाचे आहे. आमच्या कचेरीत जंगलाची पुढल्या वीस वर्षांची नवी योजना होते आहे आणि तुमच्या निंबखेडीच्या डोंगराचा कूप, म्हणजे ठेक्याने तोडायचा जंगलाचा तुकडा, येत्या उन्हाळ्यात तोडीला आहे. जुनी ढोलीची झाडे 'कुजकी व निरुपयोगी' म्हणून आधी काढावीत असे मसुद्यात आहे. मी न राहवून साहेबांपुढे बोललो, की त्या ढोल्यांत घुबडे असतात आणि तीच आमच्या ज्वारीतले उंदीर खातात. हेडक्लार्क हसले. साहेब हसले नाहीत. कोणत्या झाडात काय राहते ते लिहून आणा म्हणाले.

ते मला कुठे ठाऊक? मी घुबड ओरडले की तुझ्या पदराआड लपणारा. तू अठरा वर्षे कुंडीच्या नाल्यावरून शेतात जातेस. आपल्या सालदाराला, पुना पावऱ्याला, बरोबर घे आणि मला झाडांची यादी करून दे. साहेब तिचे काय करतील ते मी सांगू शकत नाही. आजवर आमच्या कचेरीने यादी मागवली ती तोडायच्या झाडांचीच. पण हा माणूस निराळा वाटतो.

ती. दाजींना नमस्कार. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा
मगन

*

निंबखेडी, ता. २१ नोव्हेंबर

चि. मगन यास धुरपदाक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र बाजाराच्या दिवशी मिळालं. वडिलांनी शाळामास्तर असून मुलीला चौथीपर्यंत शिकवलं ते सरकारची घुबडं मोजायला, हे आत्ता कळलं.

यादी सोबत आहे. पुनाने आणि मी नऊ दिवस फिरून केली. सदतीस झाडं भरली. मोठ्या कुसुंबाच्या ढोलीत दरसाल धनेशाची जोडी असते. मादी आत बसून ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेते आणि दीड-दोन महिने नर तिला बाहेरून फळं भरवतो. तुझ्या दाजींना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, असला नवरा पक्ष्यातच मिळायचा. त्याच्या खाली तीन अंजन आहेत, त्यांत पिंगळे. वाकड्या मोहात सातेरी मधमाश्यांचं पोळं, शेजारच्या बेहड्यात उदमांजर. बेहडा पोकळ आहे हे मला ठाऊक नव्हतं, पुनाने कुऱ्हाडीचा दांडा वाजवून दाखवलं. पुनाला लिहिता येत नाही, पण एकही झाड दोनदा मोजू दिलं नाही.

सासूबाईंना हे पसंत नाही. सरकारला झाडाचा पत्ता देऊ नये म्हणतात. मी म्हटलं, मगन आहे तिथे.

कुंदाला जपावं. डिंक पाठवते, लाडू करून खाऊ घाल. पत्राची वाट पाहायला लावू नये, माझा जीव लागून राहतो.

तुझी
अक्का

*

धुळे, ता. १२ डिसेंबर

ती. सौ. अक्काला मगनचा सा. न. वि. वि.

यादी पोचली. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि ही माहिती देणारा माणूस कोण म्हणून विचारले. माझी बहीण म्हटल्यावर खुर्चीत सरळ बसले. यादी कामाला आली, एवढेच लिहितो. लिलाव होऊन तोड उरकेपर्यंत कूपाबद्दल बाहेर काही बोलायचे नाही असा मनाईचा हुकूम निघाला आहे, असे हेडक्लार्कांनी आम्हा सर्वांना बजावले आहे. माझी नोकरी अजून कच्ची आहे, तेव्हा रागावू नये.

परवा अक्राणीच्या डोंगरात मोजणीला निघतो. तिकडे टपाल नाही. फाल्गुनाच्या सुमारास परतेन. तोवर कुंदा माहेरी राहील. डिंकाचे लाडू तिने केले, मी बांधून घेतले आहेत.

सर्वांना यथायोग्य. मायेची ऊब असू द्यावी.

तुझा
मगन

*

निंबखेडी, ता. ३० जानेवारी १९२७

मगन यास आशीर्वाद.

चिरंजीव लिहायचं होतं, हात वळला नाही.

दहा-बारा दिवसांपूर्वी नवा गार्ड चार माणसं आणि डांबराचा डबा घेऊन आला. हातात माझी यादी. माझीच, नक्कल केलेली. तिच्यावर बोट ठेवत ठेवत एकेका झाडापाशी गेला आणि बुंध्याला डांबराचा काळा पट्टा मारला. सदतीसच्या सदतीस. कुसुंबही. मी विचारलं हे कशाला, तर वरचा हुकूम आहे म्हणाला. त्यालाही बहुतेक एवढंच ठाऊक असावं.

मागची तोड तुझ्या आठवणीत नसेल, तू लहान होतास. तेव्हा ज्या झाडावर हातोड्याचा शिक्का बसला, ते प्रत्येक झाड गेलं. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, की पट्टा पडना म्हंजे झाड गये. गावात सगळ्यांना तेच वाटलं आणि मलाही. डोंगरात हजारो झाडं असताना सरकारला नेमकी हीच कशी सापडली, असं बायका मला विचारत होत्या. मी काय सांगू? मीच सांगितली म्हणून?

अक्राणीहून कुणाच्या हाती तरी तुझी चिठ्ठी येईल म्हणून सात दिवस वाट पाहिली. मग आम्ही नऊजणी विळे आणि खुरपी घेऊन गेलो. तीन दिवसांत सगळे पट्टे खरवडले, वर शेणमाती लिंपली. आता गार्डाला पट्ट्याचं झाड शोधून सापडायचं नाही. पुनाला मी मुद्दाम बरोबर घेतलं नाही. पावऱ्याला जंगलात कुणी नुसतं उभं पाहिलं तरी गुन्हा होतो.

तुझ्यावर मी फार रागावले आहे. तुला साहेबाने फसवलं असेल तर तसं लिही, म्हणजे राग निम्मा होईल.

अक्का

*

धुळे, ता. ५ मार्च १९२७

ती. सौ. अक्काच्या पायांशी मगनचा सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी अक्राणीहून आलो. तुझे पत्र महिनाभर मेजावर पडून होते. आज तारऑफिस उघडताच चोपड्याला तार केली, ती या पत्राआधी मिळाली असेल. तारेत मावले नाही ते लिहितो.

अक्का, पट्टे राखायच्या झाडांना होते. या कूपात नवी पद्धत आहे. पट्टा असलेले झाड सोडून बाकी सर्व तोडायचे. तुझी यादी साहेबांनी जशीच्या तशी मंजूर केली. सदतीसपैकी एकही झाड त्यांनी गाळले नव्हते. या प्रांतात पक्ष्यांसाठी जुनी झाडे राखायचा हा पहिलाच हुकूम, आणि तो तुझ्या यादीवर निघाला.

पट्टा नसेल तर झाड ठेकेदाराचे. चोपड्याच्या हबीबशेठचा ठेका आहे. अजून गेली नसशील तर तार घेऊन त्यांना गाठ. मला यापुढे लिहवत नाही.

मगन

*

निंबखेडी, ता. ९ मार्च

चि. मगनला आशीर्वाद.

तार सोमवारी दुपारी आली. चोपड्याचा शिपाई सहा कोस सायकल ढकलत आला होता. गावच्या मास्तरांनी इंग्रजी वाचून सांगितलं आणि मी अनवाणी पळत गेले.

तोड आठ दिवसांपूर्वीच सुरू झाली होती. गावाची समजूत होती, की पट्टे गेले म्हणजे आपली झाडं सुटली, उरलेलं जंगल तर जाणारच होतं. म्हणून नाल्याकडे कुऱ्हाडी वाजल्या तरी पहिल्या दिवशी कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले. हबीबशेठना म्हटलं, ही झाडं तुमची नाहीत. त्यांनी करारनामा दाखवला. अगदी शांतपणे म्हणाले, बाई, पट्टा दाखवा, मी हात लावत नाही. मी काय दाखवणार होते? तोडीवरचा गार्ड दुसराच होता, त्याच्या कागदावर सदतीस झाडं राखून असं लिहिलेलं होतं, पण पट्टे दिसेनात. तेव्हा ती वरच्या अंगाला असतील असं त्याने धरलं.

तार पाहिल्यावर हबीबशेठ खाली बसले. करारानं ते पुढेही तोडू शकत होते. त्यांनी कुऱ्हाडी ठेवायला सांगितल्या आणि तसं गार्डाला लिहून दिलं. तोवर सव्वीस झाडं पडली होती. अकरा उभी आहेत.

कुसुंब शनिवारी पडला. मादीने ढोलीचं तोंड लिंपून घेतलं होतं. पुनाने ढोली फोडून तिला काढलं, पण ती दबून मेली होती. नर अजून येतो. चोचीत उंबर धरून शेजारच्या सादड्यावर बसतो आणि थोड्या वेळानं तसाच जातो. मी नाल्यावरून जायचं सोडलं आहे, लांबच्या बांधानं जाते.

मगन, मी माझ्या हातानं केलं रे हे. दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नाही आणि रडू थांबत नाही.

अक्का

*

धुळे, ता. १६ मार्च

ती. सौ. अक्काला सा. न. वि. वि.

तू स्वतःला दोष देत बसू नकोस. आता निराळे संकट आहे. सरकारी खूण खरवडणे हा गुन्हा आहे आणि पट्टे कुणी काढले याचा रिपोर्ट साहेबांनी माझ्याकडेच मागितला आहे. तुझे नाव आले तर खटला होईल. माझी नोकरीही राहील असे वाटत नाही, आणि कुंदाला सहावा महिना आहे.

हेडक्लार्कांनी वाट सुचवली आहे. 'पावरा मजुरांनी खुणा खरवडल्या असाव्यात' एवढे लिहावे. कुणा एकाचे नाव घालायचे नाही, म्हणजे शिक्षा कुणालाच नाही. मी मसुदा करून ठेवला आहे. कुणी विचारले तर तुला काही ठाऊक नाही म्हण. बाकीच्या बायकांनाही सांग.

माझी अडचण समजून घ्यावी आणि अंतर पडू देऊ नये.

मगन

*

निंबखेडी, ता. २२ मार्च

चि. मगन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

कुंदाचं कळलं, आनंद झाला. तिला जड उचलू देऊ नकोस.

तुझं पत्र मी तुझ्या दाजींना वाचून दाखवलं नाही. त्यांना तू आवडतोस, ते तसंच राहू दे.

नाव घातलं नाही की शिक्षा कुणालाच नाही, असं तुला धुळ्यात वाटत असेल. इथे पावरा म्हटलं की सगळे पावरे. उद्या त्यांची गुरं अडवतील, मोह वेचायला गेलेल्या बायकांच्या टोपल्या पालथ्या करतील. पुना त्यावर काय म्हणाला असता मला ठाऊक आहे, बठ्ठं सरकारनं शे, सगळं सरकारचंच, एवढंच. नऊ दिवस तो माझ्यासोबत फिरला म्हणून ती यादी झाली. त्याच्या माथी हे मी मारू देणार नाही.

म्हणून काल चोपड्याला जाऊन रेंजरसाहेबांपुढे जबाब दिला. पट्टे मी काढले, बायकांना मीच नेलं, पावऱ्यांपैकी कुणी नव्हतं, असं माझ्या हातानं लिहिलं आणि सही केली. खाली आणखी एक ओळ घातली, की या पट्ट्याचा अर्थ आम्हाला कुणीही सांगितला नाही. रेंजर म्हणाले ती ओळ नको. मी म्हटलं, मग बाकीचाही कागद परत द्या. त्यांनी ठेवून घेतला.

तो साहेबांकडे येईलच. तुझा मसुदा गेला नसेल तर फाड. गेला असेल तर परत माग, लाज वाटली तरी. तुझी नोकरी गेली तर इकडे या तिघं. पोटापुरती ज्वारी पिकते आणि उंदरांनी खाल्ली तर मी बोलणार नाही.

तुला आशीर्वाद आहेतच, ते रागावर अवलंबून नाहीत.

अक्का

*

धुळे, ता. ३ एप्रिल १९२७

तीर्थस्वरूप सौ. अक्काला मगनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मसुदा गेला नव्हता. फाडला.

तुझा जबाब आला त्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावले. मी सर्व सांगितले, तुझ्या पत्रासकट. तुला समज देऊन प्रकरण मिटवले आहे, खटला नाही. तुझे नाव गुन्ह्याच्या रजिस्टरात मात्र राहील. मला बाहेरच्या कामावरून काढून जावक टपालावर बसवले आहे. नोकरी आहे. उरलेली अकरा झाडे राखायचा हुकूम कायम आहे आणि पुढल्या प्रत्येक कूपात खुणा करण्याआधी गावाला चावडीवर बोलावून त्या वाचून दाखवाव्यात, असे कलम योजनेत आले आहे.

साहेबांनी शेवटी विचारले, की जिने यादी केली तिलाच पट्ट्याचा अर्थ कसा सांगितला नाही. मी मनाईच्या हुकमाकडे बोट दाखवले. तो काढून आणा म्हणाले. फायलीतून काढला आणि अक्का, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. दोन ओळींचा आहे. लिलावाची बोली आणि ठेकेदारांची नावे बाहेर सांगू नयेत, एवढेच त्यात आहे. झाडांबद्दल त्यात एक अक्षर नाही. हेडक्लार्क म्हणाले आणि मी मानले. उठून पाहिले असते तर एका पोस्टकार्डाचे काम होते.

हे तुला न कळवताही चालले असते. पण तू एकटी स्वतःला दोष देत बसशील, म्हणून लिहिले. त्यातला माझा वाटा मला दे.

मगन