आईचा रकाना

मंगळवार, संध्याकाळ. मरीन परेड.

बाळ दोन महिन्यांचं झालं, आणि तेव्हापासून माझ्या छातीतली धडधड काही थांबत नाही. काल ऑफिसच्या बसमध्येच मोफत समुपदेशनाचा फॉर्म भरला. पालकांसाठी म्हणे! विचारतात फक्त आईचं नाव, आईचा मोबाइल. बापाला रकानाच नाही. रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जाईना, म्हणून बायकोचा नंबर टाकला. मूर्ख मी!

आज दारातच अनघाने फोन माझ्या नाकासमोर धरला. "'डिअर मम, शुक्रवारी या.' मला वेड लागलंय असं वाटतं तुला?"

"तुझ्यासाठी नाही गं. माझ्यासाठी."

मग तिनेच त्या समुपदेशन केंद्राला फोन लावला. स्पीकरवर तिथल्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "आई कशी आहे?"

अनघा कडाडली, "आई ठीक आहे. बापाचं विचारा!"

पलीकडे बराच वेळ कीबोर्ड खटखटत राहिला. त्यांच्याकडेही तो रकाना नसावा.