तीस अंशांच्या टाकीची वारसदार

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, तापमापकांच्या तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. कुणी सांगितले म्हणून लिहीत नाही. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांनी गेल्या महिन्यात माझ्या मानेतली गाठ काढली आणि नऊ दिवसांनी ती साधी असल्याचा रिपोर्ट हातात दिला. तेव्हा मरायची घाई नाही. पण त्या नऊ दिवसांत आपण काहीच लिहून ठेवलेले नाही, हे फार वेळा आठवले. पुन्हा आठवू नये म्हणून हा कागद.

१. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखा जुना कागद नाही. एक तोंडी वाक्य आहे. ते कलम पाचमध्ये रद्द केले आहे.

२. दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट बाबांनी हयातीतच माझ्या नावे केला होता. बाबांच्या दुसऱ्या पत्नी, ज्यांना मी पहिल्यापासून काकू म्हणते, माझ्यासोबत तिथेच राहतात. मी काही न लिहिता गेले असते तर फ्लॅटचा निर्णय माझ्या मोठ्या भावाच्या, दादाच्या, हाती गेला असता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात म्हणाला, "तसंच काही झालं तर काकूंची कुठेतरी सोय करू."

"कुठेतरी म्हणजे?"

"अगं, बघू ना. असतात तशा जागा."

दादा वाईट माणूस नाही. त्याला फक्त शेजारच्या खुर्चीवर थर्मास धरून बसलेल्या काकू दिसल्या नाहीत.

घरी आले तेव्हा काकूंच्या पलंगाखाली दोन भरलेल्या बॅगा होत्या. मी विचारले, "हे काय?"

"आवरत होते जरा."

"स्वेटर आणि उन्हाळ्याचे कपडे एकाच बॅगेत?"

"एवढं बघायला कुणी सांगितलं तुला?"

सबब, सदर फ्लॅट आतल्या सर्व सामानासह मी काकूंना देते. फक्त राहण्यापुरता नव्हे, पूर्ण मालकीने. त्यांनी तो ठेवावा, विकावा, भिंतींना हवा तो रंग द्यावा. दादाने किंवा त्याच्या वतीने कुणी त्यांची कुठेही सोय करू नये.

३. बाबांची हत्यारपेटी दादाला. अकरा वर्षांपूर्वी त्याने दोन दिवसांसाठी नेलेली ड्रिल मशीन त्याचीच समजावी. तिच्याबद्दलची माझी ही शेवटची तक्रार.

४. बैठकीच्या खोलीतली दीड मीटर लांबीची, साडेचारशे लिटरची टाकी, तिच्यातले सात डिस्कस मासे, दोन हीटर आणि मी स्वतः तपासलेला काचेचा तापमापक, हे सर्व काकूंना. डिस्कसना तीस अंशांचे पाणी लागते. अर्धा अंश इकडेतिकडे चालेल. "हाताला कोमट लागतं" हे माप धरू नये. अर्थात काकू ते धरणार नाहीत. हे वाक्य दादासाठी आहे, कधी त्याच्यावर वेळ आली तर.

५. आता ते वाक्य. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतरच्या आठवड्यात मी दुकानातून बोटाएवढा एक प्लेको आणला. हा तळाशी राहणारा, चिकटणाऱ्या तोंडाचा कॅटफिश. काच साफ ठेवतो, असे मासेवाल्याने सांगितले आणि मी ते न तपासता मान्य केले. दोन महिन्यांत डिस्कसच्या अंगावर गोल, पांढुरके ओरखडे दिसू लागले. मी अमोनिया मोजला, तीन ठिकाणी तापमान घेतले. सगळे ठीक निघाले. मग काकू काच पुसायला वापरतात तो भांड्यांचा स्पंज माझ्या नजरेस पडला.

त्या म्हणाल्या, "मी माशांना बोटसुद्धा लावलं नाही गं."

त्याच दिवशी बाबांचा आवडता तांबडा नर मेला होता. मी म्हणाले, "माझ्या वडिलांच्या टाकीला यापुढे हात लावू नका."

त्यांनी लावला नाही. टाकीखालच्या कपाटावरची धूळसुद्धा कडेकडेने पुसत राहिल्या. स्पंज बंद झाला तरी ओरखडे येतच होते. तिथे मला दुसरे कारण शोधायला हवे होते. प्रयोगशाळेत मी तेच केले असते. घरी मी फिल्टर बदलला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "रागावणार नसशील तर एक सांगते."

"सांगा."

"मी टाकीत हात घातला."

मी हॉस्पिटलच्या उशीवरून मान उचलली. टाके ताणले गेले.

"तुझा तो काळा, आता वीतभराहून मोठा झालाय बघ, तो त्या निळ्याच्या अंगाला चिकटून चाटत बसला होता. काठी हलवली तरी सुटेना. शेवटी टॉवेलात धरून काढला. निळ्याच्या अंगावर तसाच गोल उठलाय."

"आता कुठे आहे तो?"

"बादलीत. टाकीतलंच पाणी घातलंय. तुझा दुसरा हीटर लावलाय, तीस अंश दाखवतोय. त्याची काय चूक? वर झाकण, झाकणावर तुझं ते जाडं पुस्तक."

सबब, वर लिहिलेले माझे वाक्य मी रद्द करते. ते चुकीच्या निष्कर्षावर आधारलेले होते. काकूंच्या स्पंजाचा तांबड्या नराच्या मृत्यूशी संबंध नव्हता. प्लेको मी आणला होता. हे मी त्यांना तोंडी सांगायला हवे होते. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले. प्लेको आता मासेवाल्याच्या मोठ्या हौदात, त्याच्यासारख्यांत आहे.

६. त्याच्या जागी तळाला कोण, हे ठरवायला मी आणि काकू एकत्र दुकानात गेलो. मानेला अजून पट्टी होती आणि मला जास्त बोलायला मनाई होती. त्यामुळे सगळे प्रश्न काकूंनी विचारले. मासेवाल्याने ठिपक्यांचे करडे कोरी दाखवले. हे इंचदोन इंचांचे, मिशांनी तळ चाचपत फिरणारे कॅटफिश.

काकू म्हणाल्या, "तीस अंशांत टिकतील?"

"ताई, सगळे टिकतात."

"किती दिवस?"

मासेवाला माझ्याकडे बघू लागला. मी पट्टीकडे बोट दाखवले.

"ह्यांच्या टाकीत हीटर कुठाय?" काकूंनी काचेला हात लावून विचारले. "गार लागतंय. म्हणजे ह्यांना गार आवडतं. तिकडे ते नारिंगी परांचे, काळ्या डोक्यावर पांढरे ठिपके असलेले, ते कोणत्या पाण्यात आहेत?"

"ते स्टर्बाई. महाग पडतील."

"मी पाणी विचारलं."

पाणी अठ्ठावीस अंशांचे होते. काकूंनी सहा घेतले. तिथून घरी येईपर्यंत टाकी कुणाला द्यायची, याबद्दल माझ्या मनात काही शिल्लक राहिले नाही.

पुढच्यांसाठी, काकूंनी निवडले त्याच क्रमाने: आधी तापमान बघावे. ज्याला चोवीस अंश मानवतात तो तीसमध्ये लगेच मरत नाही, हळूहळू मरतो, आणि दोष भलत्यालाच लागतो. मग तोंड बघावे. चिकटणाऱ्या तोंडाचा मासा कितीही छोटा दाखवला तरी घेऊ नये. छोटा हा त्याचा आजचा आकार असतो. स्टर्बाई सहापेक्षा कमी ठेवू नयेत, एकटे पडले की कोपरा धरतात. तळाला टोकदार खडी नको, बारीक वाळू हवी, नाहीतर मिशा झिजतात. ते डिस्कसचे उष्टे खाऊन जगतील असे समजू नये. त्यांना बुडणारे खाणे वेगळे टाकावे. नवीन मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवूनच आत सोडावा. आमचे सहा कालच आत गेले. पहिल्या तासात डिस्कसनी त्यांची दखल घेतली नाही. यापेक्षा चांगला निकाल मला अपेक्षित नव्हता.

७. काकू माझ्याआधी गेल्यास फ्लॅट दादाला आणि टाकी ज्या कुणाला वरचे कलम पाठ म्हणून दाखवता येईल त्याला.

८. (हे कलम आज दुपारी हाताने लिहिले आहे.) पहिले साक्षीदार वेळेवर आले. दुसऱ्या साक्षीदारांकडे, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांकडे, पेशंट होता. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याला कशाला वर बोलावतेस? दुसरी सही मी करते."

"तुमची चालणार नाही."

"का? बँकेत चालते."

"ज्याला काही ठेवलंय त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. झालात तर ते तुम्हाला मिळणार नाही."

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "टाकी?"

"टाकी. आणि घर."

पहिले साक्षीदार उठून मासे बघायला गेले.

काकूंनी कप मांडत विचारले, "दादाला माहीत आहे?"

"काल सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'मला सुचायला हवं होतं.'"

"मी तुझ्याहून सव्वीस वर्षांनी मोठी आहे. वयं तरी बघायचीस."

"बघितली. नऊ दिवस ती काही उपयोगाची नव्हती."

मग मी टाइप केलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि कलम पाचवर बोट ठेवले. त्यांनी ते उभ्यानेच वाचले. दोनदा वाचले असावे, कारण पान उलटायला वेळ लागला. कागद त्यांनी परत माझ्यापुढे सरकवला. "चहा निवतोय," एवढे म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या.

"कुठे?"

"बाहेर थांबते. सह्या होताना मी इथे नको."

"खोलीत असलात तरी चालतं. फक्त सही करायची नाही."

"नको. माझ्यामुळे कागदात खोट निघायला नको. पक्का होऊ दे."

त्या आता जिन्यात उभ्या आहेत. दंतवैद्य वर येताना काकूंचा आवाज ऐकू येतो आहे. काकू त्यांना सांगताहेत की सही नीट, पूर्ण करा, तुमची चिठ्ठीवरची औषधवाल्यालाही लागत नाही. सह्या झाल्या की काकूंना आत बोलवायचे आहे. म्हणून लिहिणे इथेच थांबवते.

वरील मजकूर माझा आहे, मी तो वाचून पाहिला आहे आणि खालील दोघांच्या देखत, त्यांनी माझ्या देखत, सही केली आहे.

स्थळ: राहते घर, टाकीसमोरचे टेबल
दिनांक: चालू महिन्याची चौदा, मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार १: (सही) प्रयोगशाळेतील ज्येष्ठ सहकारी
साक्षीदार २: (सही, पूर्ण आणि वाचता येणारी) दंतवैद्य, पहिला मजला