पुढचा डावा खांदा

वडसा,
२१ मे २०२३

करिश्मा,

सेवा जोहार. मी बरा आहे. इथं राइस मिलमध्ये पोती उचलतो. कोंडा नाकातोंडात जातो, संध्याकाळी जेवायचाही कंटाळा येतो. कॉलेज सोडलं म्हणून सगळे मला 'प्रोफेसर' म्हणतात. पहिल्या दिवशी एकाच्या अंगावर धावून गेलो होतो. आता तेवढीही रग उरली नाही.

सुकरीकाकी कशी आहे? फोनवर तू म्हणालीस, "देवानं सांगतलं तवापासून माय दोन घास खाते तरी." तेव्हापासून माझा घास उतरत नाही. फोनवर हे बोलता येईना, म्हणून लिहितो.

तुझ्या बाबांना मोहफुलं वेचताना वाघानं नेलं, त्या सकाळी तू मला सांगून ठेवलं होतंस, "बाबासंग जा, एकटं सोडू नको." मी गेलो नाही. आदल्या दिवशी तुझे बाबा, इसरूकाका, मला म्हणाले होते, "कॉलेज सोडलेल्याले पोरगी देऊ काय? धनराजले शब्द देल्ला मी." मी रागानं घरीच बसलो. नऊ वाजता जंगलाकडून ओरडा आला.

मग गावानं आंगादेव काढला. कोणाच्या चुकीनं वाघ आला, ते विचारायला. चौघांच्या खांद्यांवर देवाचं ते लाकूड, पुढचा डावा खांदा माझा. देव ओढेल तिकडं जायचं, ज्याच्या दारी थांबेल त्याची चूक, आपण जोर लावायचा नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत.

दोनदा तो आमच्या दाराकडं वळला, करिश्मा. मी घाबरलो. खांदा रेटला. धनराजच्या अंगणात जाऊन थांबलो. सगळ्यांना वाटलं, देव थांबला.

तुमचं लग्न मोडलं. मला हवं तेच झालं ना? परवा इथल्या बाजारात धनराजची आई भेटली. म्हणाली, "लालसू, तू तं देवाखाली होतास बाबू. आमच्या घरी कोणी पाणी पीत नाई आता. आमचं काय चुकलं, तुले तरी समजलं काय?"

मी म्हटलं, "नाई, चंदाबाई."

मी सोबत गेलो असतो तर काका वाचले असते काय? रोज देवाला विचारतो. तो बोलत नाही. बोलत होता तेव्हा मीच त्याचं तोंड फिरवलं.

हे काकीला वाचून दाखव. तिचा घास पुन्हा अडेल, माहीत आहे मला. बुधवारी येतो. पुजाऱ्याला सांग, देव पुन्हा काढा म्हणावं. माझ्या जागी धनराज खांदा देईल. मी आमच्या दारात उभा राहीन.

तुझा म्हणायचा हक्क नसलेला,
लालसू