हँडब्रेक, मी आणि तो दगड

१ मार्च, रविवार
आजपासून रोज लिहिणार. मोठमोठे इंजिनिअर प्रोजेक्टचा लॉग ठेवतात. मी इंजिनिअर नाही, पण ती फक्त डिग्रीची गोष्ट आहे.

मामा आज आजोबांची गाडी घेऊन आला. क्रीम कलर, दोन दारं, आईच्या लग्नाच्याही आधीची. मला रडूच येणार होतं, तेवढ्यात मामा आतूनच ओरडायला लागला की कुणीतरी डिकीतला दगड लावा. ब्रेकवर पाय ठेवून बसलेला आणि गल्लीचा उतार. बाबांनी धावत जाऊन डिकीतून दगड काढला आणि मागच्या चाकाला लावला. काळा, एका बाजूने चपटा, गाडीपेक्षा जास्त मेन्टेन केलेला. मामा म्हणाला, हँडब्रेक कधीचाच गेलाय, गिअरमध्ये ठेवली तरी सरकते, आजोबा गेल्यापासून दगडावरच चाललंय.

क्लासिक कार. आणि दगड! माझं डोकंच फिरलं.

मी म्हटलं, मी रिपेअर करतो. मामा हसला. म्हणाला, पंधरा तारखेला येतो, या उतारावर दगडाशिवाय उभी राहिली तर गाडी तुझी. नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे. बाबा म्हणाले, गिऱ्हाइकाला आत्ताच फोन लाव. हे माझे वडील.

२ मार्च, सोमवार
डायग्नोसिस पूर्ण. दांडा दोन सीटच्या मध्ये आहे, टोकाला बटण. ओढला की गाडी थांबते. हात काढला की दांडा धपकन खाली. कर्र कर्र आवाज येतच नाही. म्हणजे केबल ढिली. सिंपल. उद्या संपवून टाकतो.

आई खिडकीतून बघत होती. तिने विचारलं, बटण दाबतोस ना नीट? मी म्हटलं, अर्थात दाबतो. हँडब्रेक सोडताना बटण दाबतात हे लहान पोरालाही माहीत असतं. तिला बरं वाटावं म्हणून आणखी काही बोललो नाही. ती म्हणाली, मग बिघडलाच असेल बाई, आमच्या बाबांच्या वेळी दगड नव्हता. आणि आत गेली.

टेक्निकल कामात घरच्यांना घेऊ नये. संकल्प.

४ मार्च, बुधवार
काल केबल टाइट केली नाही, कारण पाना बाबांनी कुठेतरी ठेवला होता. (माझ्याच बॅगेत सापडला, पण तिथे ठेवायला त्यांनीच सांगितलं असणार.)

आज टाइट केली. मस्त टाइट. मग गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलो. मागून वास आला. मला वाटलं, कुणीतरी रबर जाळतंय, लोकांना सिव्हिक सेन्स नाही. खाली उतरलो तर तो कुणीतरी मीच होतो. मागची चाकं आवळलेल्या ब्रेकवर फिरत होती. चाकामागच्या ब्रेकच्या ड्रमला हात लावून बघितला. हात लावायला नको होता.

ताईने बोटावर बर्फ ठेवला आणि म्हणाली, गाडीला हँडब्रेक नाहीये आणि तुला एकही ब्रेक नाहीये. ती घरून काम करते, म्हणजे दिवसभर खिडकीत बसून माझ्यावर कमेंट करते. याचे तिला पैसे मिळतात.

गाडी ढकलत आणली. दगड लावला. तो माझ्याकडे बघत होता.

७ मार्च, शनिवार
केबल पुन्हा ढिली केली. खरा प्रॉब्लेम ड्रममध्ये आहे. व्हिडिओतल्या माणसाने दहा मिनिटांत ड्रम उघडला. मला सकाळ गेली, कारण त्याच्याकडे बोटं शाबूत होती.

आतली एक स्प्रिंग उडाली. ती समोरच्या काकांच्या बाल्कनीत गेली. या काकांच्या गेटवर ‘गाडी लावू नये’ अशी पाटी आहे, दोन्ही बाजूंनी, म्हणजे घरातल्यांनासुद्धा. स्प्रिंग मागायला गेलो तर म्हणाले, काय रे, चष्मा थोडक्यात वाचला. मी म्हटलं, काका, स्प्रिंगला टेन्शन असतं. ते म्हणाले, टेन्शन आम्हालापण आहे, तू आल्यापासून. मी इथेच जन्मलोय!

स्प्रिंग दिली, पण आधी लेक्चर दिलं. स्प्रिंगसाठी लेक्चर ऐकून घेणारा मी या गल्लीतला पहिला माणूस असणार.

८ मार्च, रविवार
ड्रम बंद केला. आत्मविश्वास फुल. तत्त्व म्हणून आज दगड काढला. आत बसलो, दांडा ओढला, मोठा श्वास घेतला, हात काढला.

गाडी मागे निघाली. मी फूटब्रेक मारला, पण काकांच्या दोन कुंड्यांनंतर.

काकांनी जे काही म्हटलं ते लिहिणार नाही. बाबांनी कुंड्या भरून देतो म्हटलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही कुंड्या मी मुद्दाम निवडल्या. मी म्हटलं, कुंड्या रस्त्यावर होत्या, ते कुणी बघत नाही. बाबा म्हणाले, गाडी पण रस्त्यावरच होती आणि कुंड्या तिच्या अंगावर गेल्या नाहीत.

जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

१० मार्च, मंगळवार
चिडून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. फक्त सेकंड ओपिनियनसाठी. तो म्हणाला, असली गाडी कधी बघितली नाही, आणून सोड, महिनाभराने सांगतो. महिना! माझ्याकडे पाच दिवस आहेत. शिवाय तो म्हणाला, दगड चांगला असेल तर घाई कशाला.

सगळे दगडाच्या बाजूने आहेत.

आईने चहा देताना पुन्हा सुरू केलं, मी जरा खाली येऊन बघू का, मी शिकले होते त्याच गाडीवर. मी म्हटलं, आई, प्लीज. चालवणं वेगळं, मेकॅनिझम वेगळं. तिने कप ठेवला. जरा जोरात. म्हणाली, बरं बाबा, चालू दे तुझं.

११ मार्च, बुधवार
सापडलं!!!

दांड्याखालचं कव्हर काढलं. आत दात्यांची पट्टी आहे आणि दात्यांत अडकणारा खटका. दाते नवेकोरे. झिजलेले नाहीत. मग अडकत का नाही? तर खटक्याची स्प्रिंग खटक्याला दात्यांपासून लांब ढकलते. लांब! आणि बटण दाबलं की खटका दात्यांकडे जातो. म्हणजे सगळं उलटं!

कंपनीने स्प्रिंग उलटी बसवली. इतकी वर्षं आजोबा, मामा, सगळे उलट्या स्प्रिंगवर गाडी चालवत होते आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. दहा दिवसांत.

कंपनीला कडक ईमेल लिहायला बसलो. कंपनी बंद पडली आहे. साहजिक आहे.

१३ मार्च, शुक्रवार
स्प्रिंग फिरवून बसवली. थोडी वाकवावी लागली, थोडी शिवी द्यावी लागली. मग दांडा ओढला.

कर्र. कर्र. कर्र. कर्र.

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. गाडी काकांच्या गेटसमोर नेली होती, कारण उतार तिथे सगळ्यात जास्त आहे आणि काका रविवारपर्यंत मुलीकडे गेलेत. हात काढला. गाडी हलली नाही. उतरलो. हलली नाही. पाठीमागून धक्का दिला. हलली नाही! ताईला हाक मारली. ती खाली आली, दोन्ही हातांनी ढकललं आणि म्हणाली, अय्या, खरंच की. ती अय्या म्हणाली. लॉगमध्ये नोंद.

दगड उचलला आणि कोपऱ्यावरच्या नाल्यात टाकला. आवाज ऐकून शांत वाटलं.

१४ मार्च, शनिवार
गाडी अजून तिथेच उभी. अभिमान.

हँडब्रेक सोडायचा छोटासा मुद्दा आहे. बटण दाबून बघितलं. खटका आणखी घट्ट बसला. वर ओढून बघितलं. आणखी एक दाता चढला. पण मामाची अट उभी राहण्याची आहे. सोडण्याबद्दल तो एक शब्द बोललेला नाही. बाबांना हा पॉइंट समजावला. ते पेपर वाचत राहिले.

१५ मार्च, रविवार
हे नीट लिहून ठेवतो, कारण उद्या सगळे आपापलं व्हर्जन सांगतील.

मामा आला. गाडीभोवती फिरला, चाकाखाली वाकून बघितलं, दगड नाही. टायरला लाथ मारली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, मानलं तुला, घे, गाडी तुझी. किल्ली माझ्याकडून घेऊन रीतसर पुन्हा माझ्या हातात दिली. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. माझ्या आयुष्यातला बेस्ट क्षण.

मग मामा म्हणाला, चल, एक चक्कर मारू.

मी म्हटलं, आधी चहा. तो म्हणाला, चहा आल्यावर. मी म्हटलं, ऊन आहे. तेवढ्यात मागे हॉर्न. काका परत आलेले, गाडीत सामान, आणि त्यांच्या गेटसमोर आमची गाडी. बरोबर पाटीखाली.

बसलो. बटण दाबलं. दांडा हलवला. दोन्ही पाय डॅशबोर्डला लावून खेचला. कर्र. आणखी एक दाता. मामा आणि बाबांनी मिळून ढकललं. काका हॉर्न वाजवत होते, मग उतरून तोंडानेच वाजवायला लागले. ताई खिडकीतून म्हणाली, उभी राहायला शिकली, आता चालायलाही शिकव. मी सगळ्यांवर एकदम ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण मुद्दे बरोबर होते.

आई हात पुसत खाली आली. मला म्हणाली, सरक. कव्हर काढून आत बघितलं. विचारलं, ही स्प्रिंग कुणी उलटी लावली? मी म्हटलं, उलटी कंपनीने लावली होती, मी सुलटी केली.

तिने कव्हर माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, बटण दाबतोस ना. मी म्हटलं, दाबतोच की, सोडताना! तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, अरे, या गाडीत लावताना दाबतात. ओढायचा, अंगठ्याने बटण दाबायचं, हात काढायचा. सोडायचा असेल तेव्हा नुसता जरासा वर खेचायचा, आपोआप पडतो. माझ्या बाबांनी मला याच गल्लीसारख्या उतारावर शिकवलं होतं, चुकले की पुन्हा वरून सुरुवात.

मामा म्हणाला, मला कुणी सांगितलंच नाही. आई म्हणाली, तू विचारलंस कधी? तू आणि हा, दोघं एकाच माळेतले.

मग तिने माझ्याकडून पक्कड घेतली, स्प्रिंग होती तशी लावली. खटका सुटला, गाडी सुटली. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, गाडी दोन घरं वर नेली. तिथेही उतारच आहे. दांडा ओढला, अंगठा, हात काढला. उतरली. दार लावलं, किल्ली माझ्याकडे टाकली.

गाडी उभी. काही आवाज नाही, काही नाही.

म्हणजे हँडब्रेक कधी बिघडलाच नव्हता. हे वाक्य मी फक्त इथेच लिहितोय.

मी वाद घातला. दोन दिवस गाडी दगडाशिवाय उभी होती, अट पूर्ण झाली होती, किल्ली मला मिळाली होती. मामा म्हणाला, उभी नव्हती रे, अडकली होती. आणि माझ्या हातातून किल्ली काढून आईला दिली. म्हणाला, ताई, गाडी तुझीच होती खरं तर. आई नको म्हणेल असं मला वाटलं. तिने किल्ली घेतली आणि मुठीत धरून बसली. लग्नानंतर ती गाडी का चालवत नव्हती, मी कधी विचारलं नाही. आज विचारणार होतो, पण मी रागात होतो.

१६ मार्च, सोमवार
सकाळी नाल्यावर जाऊन दगड काढून आणला. धुतला. कुणी बघितलं नाही. ताईने बघितलं.

संध्याकाळी आई भाजी आणायला गाडी घेऊन निघाली. ताई पुढे बसली. मी मागे, सेफ्टी सुपरवायझर म्हणून. नवीन लॉग सुरू करायचा विचार आहे, पण विषय ठरत नाहीये.

मंडईजवळ मोठा उतार आहे. आईने तिथेच गाडी लावली, गाणं गुणगुणत. दोघी उतरल्या आणि निघून गेल्या. आईने मागे वळूनही बघितलं नाही. मी बराच वेळ वाट बघत होतो की गाडी सरकेल. केसभरही सरकली नाही. दगड माझ्या मांडीवर होता.

आम्हा दोघांनाही काही काम नव्हतं.