देवाचा फेरा

प्रिय महंमद,

घाटाखालच्या त्या मोठ्या पार्कात एका पोराचं तिकीट बाराशे रुपये. सकाळी अकराला आत, संध्याकाळी सातला बाहेर. रांगा वजा केल्या तर एका पोराच्या वाट्याला आठ खेळ आले तरी पुष्कळ. म्हणजे एक खेळ दीडशेला पडला. त्यात पेट्रोल धरलेलं नाही, टोल धरलेला नाही, आणि बाहेर पडता पडता पोरं ज्यासाठी हट्ट करणार ती सशाच्या कानांची टोपीही धरलेली नाही. आपल्या जत्रेतल्या पाळण्याचा फेरा दोन रुपयांना होता, आणि निम्मी पोरं उतरताना 'काका, आणखी एक' म्हणत फुकटात पुन्हा बसायची. अठ्ठावीस वर्षांनी पत्र लिहितो आणि सुरुवात दरपत्रकानं करतो, म्हणून हसशील. हस. तुझा पत्ता नवाजनं दिला. तुझा हा पुतण्या आता कामशेतला तांदळाच्या पोत्यांचा टेम्पो चालवतो आणि माझ्या वर्कशॉपपुढं थांबून चहा पितो. तुझा नंबरही देत होता, पण फोनवर हे मला जमणार नाही. तू जुन्नरला मेव्हण्याच्या कापड दुकानात बसतोस, हे त्याच्याकडूनच कळलं. आणि हेही कळलं, की त्या दिवसापासून तू पाना हातात धरला नाहीस. घरातला नळ गळला तरी माणूस बोलावतोस. ते कळल्यावर मी चहा तसाच ठेवला.

माझं बरं चाललंय. आपण दोघं जिथं गंजक्या पत्र्याखाली वेल्डिंग करायचो, तिथं आता पक्की शेड आहे, हाताखाली बारा माणसं आहेत. पवना धरणाच्या अंगाला आणि लोणावळ्याला जे बंगले उठलेत, त्यातल्या कितीतरी बंगल्यांची फाटकं, जिने, गच्चीचे कठडे माझ्याकडचे. डोकं पांढरं झालं, गुडघे कुरकुरतात, पण कान अजून तेच आहेत, तुझ्या ओळखीचे. भिंतीपलीकडं कुजबुज झाली तरी मला शब्दन् शब्द कळतो. परवाचंच घे. माझी सून माधवी आतल्या खोलीत संदेशला सांगत होती की पार्कचं आबांना इतक्यात सांगू नका, पाळण्याचं नाव काढलं की ते जेवणावरून उठतात. संदेश म्हणाला की सांगावं तर लागेल, आबांशिवाय ईश्वरी गाडीत पाय ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना मी आपण होऊन म्हटलं, पार्कला जायचंय ना, जाऊ या, मीही येतो. माधवीचा घास हातातच राहिला. माझा नातू समर्थ मात्र ताटात बघून हसू दाबत होता.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी जायचं, तिथंच एक रात्र मुक्काम करायचा आणि रविवारी परत. तुझी सविता वहिनी म्हणते, दुनिया मुंबई-पुण्याहून लोणावळ्याला हवा खायला येते आणि आपण लोणावळा ओलांडून घाटाखाली उकाड्यात झोपायला जायचं, हे कुणाला सांगू नका. तिनं दशम्या आणि लसणाची चटणी न्यायचं ठरवलं होतं. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हटल्यावर तिचा दोन दिवस अबोला होता. आपणच पैसे भरायचे आणि आपलीच भाकरी दाराबाहेर ठेवायची, हा कुठला न्याय, असं तिचं म्हणणं. माधवीनं एक वही केली आहे. कुठला खेळ किती वाजता, भिजायचे खेळ दुपारी, जेवणानंतर तासभर गरगरणारं काही नाही, पोरं चुकली तर कारंज्यापाशी उभं राहायचं, दोघांच्या मनगटावर बापाचा नंबर. समर्थ नऊ वर्षांचा आहे, त्याची बहीण ईश्वरी सहाची. त्या दोघांनी अशी जागा आजवर फक्त मोबाईलवर पाहिली आहे.

त्या वहीत संदेशनं एक गोष्ट लिहिली आहे. तिथं रोज सकाळी माणसं आत सोडायच्या आधी प्रत्येक खेळ एकदा रिकामा चालवून बघतात. ते वाचलं आणि मी वही मिटून ओट्यावर जाऊन बसलो. देवाचा फेरा तिथंही आहे, महंमद. तुझ्या वडिलांनी ती रीत पाडली तेव्हा मावळातल्या गावांना केवढं अप्रूप होतं. नारळ फोडायचा, बसायच्या आठही पेट्या रिकाम्या ठेवून एक फेरा काढायचा आणि सांगायचं, हा फेरा भैरोबाचा, यात मानूस बसायचं न्हाई. लोक हात जोडायचे. खरं कारण आपल्यालाच ठाऊक. तो फेरा ऐकायचा असायचा. जत्रा तीन दिवसांची असली की पिना ढिल्या होणारच, आणि भरल्या पाळण्यात पोरांच्या ओरडण्यापुढं ढिल्या पिनेचा आवाज येत नाही. तू पिना आवळायचास, मी इंजिनापाशी डोळे मिटून उभा राहायचो, आणि मी मान हलवली की मगच तू साखळी काढून लोकांना आत घ्यायचास. 'हात माजे, कान तुजे,' असं तू येईल त्याला सांगायचास. मला तेव्हा ते फार मोठं वाटायचं.

त्यानंतर मी लोखंडाचं सगळं केलं, पण झोपाळा केला नाही. लोणावळ्याच्या एका हॉटेलवाल्यानं पोरांसाठी बाग करायची म्हणून दोनदा माणूस पाठवला. मी त्याला सांगितलं, फाटक माग, पूल माग, पोरं ज्यात बसतात ते मागू नकोस. माझ्या अंगणात लिंबाला दोरीसुद्धा नाही. ईश्वरीला झोका खेळायचा तर ती शेजारी भिमाजीकडं जाते. आणि आवाज तर येतोच. दिवसाढवळ्या, चहा पिताना, हिशेब तपासताना, लग्नाच्या पंगतीत. टक. मग पाळण्याला एक फेरा पुरा करायला जेवढा वेळ लागायचा तेवढा थांबतो, आणि पुन्हा टक. तळेगावच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की वयानं कानात असले आवाज येतात, सवय होईल. मी त्याला म्हटलं नाही की सवय अठ्ठावीस वर्षांची आहे.

आता जे सांगायचं ते. पार्कातल्या काही खेळांना उंचीची अट आहे. माधवीनं दोघांना स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलनं खुणा केल्या. समर्थ बसला, ईश्वरी दोन बोटं कमी पडली. ती रडली नाही. परवा दुपारी मी ओट्यावर तिचे बूट उन्हात ठेवायला उचलले तर जड लागले. आत वर्तमानपत्राच्या घड्या, चांगल्या दोन बोटं जाड. वर पाहिलं तर ती दारात उभी. तिला कळलं मला कळलंय ते. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

महंमद, तसंच बोट मी आधी पाहिलं आहे. तुझ्या गुलनाजचं.

त्या संध्याकाळी तू मगरीबच्या नमाजाला ओढ्याकडं गेलास. जाताना म्हणालास, देवाचा फेरा काढून ठेव, मी आलोच. जत्रेचा शेवटचा दिवस, पालखी निघायच्या आत लोकांना बसायचं होतं, रांग देवळापर्यंत गेली होती. गुलनाज माझ्या सदऱ्याला धरून उभी होती. तीही सहाचीच. तिला कितीतरी जत्रांपासून देवाच्या फेऱ्यात बसायचं होतं आणि तू कधी बसू दिलं नाहीस. मी नारळ फोडला आणि तिला उचलून पेटीत बसवली. वाटलं, देवाला काय, लेकरू बसलं तर बरंच वाटेल. इंजिनाचा पट्टा चढवला. पहिल्याच फेऱ्यात आवाज आला, टक. तिच्याच पेटीचा. मी ऐकला. दुसऱ्या फेऱ्याला त्याच जागी पुन्हा आला. हात पट्टा सोडायच्या दांड्यावर होता. तेवढ्यात ती वरून ओरडली, 'काका, आनकी एक.' रांगेतली माणसं टाळ्या पिटत होती. मी म्हटलं, एकच, मग थांबवून बघतो. तो एक पुरा झाला नाही.

तू ओल्या पायांनी पळत आलास. तिला उचलण्याआधी तू माझ्याकडं पाहिलंस आणि विचारलंस, 'देवाचा फेरा काडला व्हता?' मी म्हणालो, 'व्हय. काडला. आवाज न्हवता.'

एवढं बोललो आणि तुझा हात दोषी झाला. आवाज नव्हता, म्हणजे मला ऐकू येण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे पिन आवळणाऱ्यानंच काहीतरी चुकवलं. तू कुणाशी भांडला नाहीस. पंचनाम्यात तूच सांगितलंस, पिन मी बसवली होती. मी शेजारी उभा होतो. पुढं दवाखान्यात तू औषधं आणायला खाली गेलास, तेव्हा मी गुलनाजच्या उशाशी वाकून म्हणालो, तू पहिल्या फेऱ्यात बसली होतीस ते आब्बांना सांगू नको, ते रागावतील. पाय प्लास्टरमध्ये, ताप चढलेला, आणि तिनं ओठांवर बोट ठेवून मान हलवली. तिनं तुला सांगितलं की नाही हे मला माहीत नाही. सांगितलं असेल, तर तू इतकी वर्षं माझ्या दारात का आला नाहीस? आणि सांगितलं नसेल, तर त्या सहा वर्षांच्या पोरीनं माझा शब्द पाळला. नवाज म्हणतो ती शाळेत शिकवते, जिना चढताना कठडा धरते. मी गावोगाव कठडेच बसवत आलोय.

ईश्वरीचं बोट पाहून मी ओट्यावरच बसलो. मग बूट घेऊन आत गेलो आणि माधवीपुढं ठेवले, कागदासकट. माझ्या आयुष्यात ही एक गोष्ट मी वेळेवर सांगितली. ईश्वरी दोन दिवस माझ्याजवळ फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी अट घालून आली: मग पार्कातल्या मोठ्या पाळण्यात तुम्ही माझ्याबरोबर बसायचं. त्याला उंचीची अट नाही, मोठं माणूस सोबत पाहिजे एवढंच. मी हो म्हणालो.

म्हणून लिहितो आहे. तुझा हात चुकला नव्हता, महंमद. पिन ढिली झाली होती, ती वेळेत मला सांगत होती, आणि मी थांबवलं नाही. हे तू गुलनाजला वाचून दाखव, म्हणजे तिला आता गप्प राहायला नको. तुम्ही दोघं पुढं मला काय म्हणायचं ते म्हणा, अगर काहीच म्हणू नका. पण जमलं तर त्या शनिवारी ये. नवाज तुला घेऊन येईल, तिकीट मी काढून ठेवलंय, बाराशेचं नाही, मोठ्या माणसाचं आहे. मी ईश्वरीला घेऊन वर बसलो की खाली कुणीतरी कान देऊन उभं राहायला हवं, आणि तसा माणूस मला तुझ्याशिवाय ठाऊक नाही. तिथले लोक सकाळी रिकामा फेरा काढत असतील, काढतातच, पण त्यांच्यावर सोडून मला वर बसवणार नाही. काही वाटलं तर हात वर कर. मी खालीच बघत असेन. आवाज मला येणार नाही. वर मी कानांची फुशारकी मारली ती सवयीनं. गेल्या दिवाळीपासून माझे दोन्ही कान बंद आहेत, तो आतला टक तेवढा उरलाय. मशीन लावलं तर ताटं आपटल्यासारखं वाजतं, शब्द कळत नाही. समोरच्याचं ओठांवरून कळतं, भिंतीपलीकडचं बोलणं समर्थ दाराआड उभा राहून ऐकतो आणि मला वहीत लिहून देतो. एका बातमीला एक चिक्की.

तुझाच,
बजरंग