टाकलं तीन, उरलं किती

५ ऑगस्ट
निवृत्तीनंतरही लॅबला फर्गसच लागतो! लाकूडगिरणीचं काम आलंय. फळ्यांना बुरशी लागू नये म्हणून त्या ज्या औषधात बुडवतात, ते पाण्यातल्या जिवांना किती घातक ते ठरवायचं. धोक्याचा पहिला वर्ग दिला, तर औषधाच्या पिंपावर मेलेल्या माशाचं चित्र आणि पिंपं धुतलेलं पाणी ओढ्यात सोडायला बंदी. शुक्रवारपर्यंत संपवणार. मग फक्त कविता.

७ ऑगस्ट
सोपं निघालं. लिटरमागे तीन मिलिग्रॅमला निम्मे मासे मेले. पहिल्या वर्गाची हद्द एक, बंदी त्याखालीच. सुटलो!
अनाहेरा माझ्याच हाताखाली शिकली, आता माझी साहेब. म्हणाली, सर, टाकलं तीन, पण पाण्यात उरलं किती? हे औषध टाकीच्या काचेला चिकटतं. म्हटलं, पोरी, माझे केस टाक्या बघण्यातच पिकले. तरी पाण्याचे नमुने शहरात मापायला पाठवीन. सोमवारी.

१३ ऑगस्ट
काल सोमवार होता. पण शाळेतलं कवितांचं पुस्तक सापडलं. बाई नदीची कविता म्हणायला उभं करायच्या. डोळे भरले. नमुन्याच्या बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये आहेत, चीजशेजारी. सुरक्षित.

१६ ऑगस्ट
अनाहेराने विचारलं, मापून आलं का? म्हटलं, आल्यातच जमा. खोटं कसं? मनाने मी कधीच पाठवले होते. दुसरा वर्ग लिहून सही ठोकली. म्हणाली, तुमच्या शब्दावर पुढे पाठवते हं. गिरणीवाले खूश, पिंपं धुतलेलं पाणी ओढ्यातच.

१ सप्टेंबर, पहाटे
इनंगा माशांचा हंगाम! काचेसारखी आरपार दिसणारी पिल्लं. बायको, मॉराग, होती तेव्हा अंड्यात घालून तळायची. शेजारचा हेमी ओढ्यावरून ओरडतोय, म्हाताऱ्या, जाळं धर, कविता नंतर रच!

दुपार
पहिली ओंजळ ओढ्याला परत द्यायची, ही हेमीच्या घराण्याची रीत. दिली. एकही पोहलं नाही. सगळी पांढरीफटक, तशीच वाहत गेली.
हेमी म्हणाला, तू तर माशांच्या विषातला जाणकार, सांग ना काय झालं. म्हटलं, थंडी असेल. तो म्हणाला, माशाला थंडी बाधते होय रे?

२ सप्टेंबर
अनाहेरा आली. शहरातून कळलं होतं तिला, नमुने पोचलेच नाहीत. फ्रिज उघडून बाटल्या घेऊन गेली.

४ सप्टेंबर
तिचा फोन. पाण्यात उरलं होतं ते तीन नव्हे, शून्य पूर्णांक तीन. पहिला वर्ग. पिंपावर आता चित्र लागेल.
हेमीला सांगायला हवं. खिडकीतून दिसतोय, अजून जाळं लावून बसलाय. हाक मारली तर ऐकू जाईल.
पडदा ओढून घेतला. ऊन फार येतं.