गुरुजींच्या वाडीची मोजणी

आमच्या वाडीचा इतिहास लिहायला माणूस पाठवलास, तर त्याच्या हातात टेप कशाला? मी बरी आहे. तू कसा आहेस, प्रेमराज?

तुझ्या बापानं, आमच्या गुरुजींनी, उजाड माळावर शाळा काढली, झाडं लावली आणि आम्हाला वसवलं. "आधी उंबऱ्याखाली कुऱ्हाड गाडा, झाड तोडणार नाही म्हणा, मंग घर बांधा," म्हणाले. बठ्ठ्यांनी, एकूण एक घरानं, गाडली. आता माळ हिरवा झाला, तर तुझा माणूस गुरुजींचं नावही काढत नाही, माझी ओसरी मोजतो. विचारतो, "आक्का, घर कुणाच्या नावावर?" हा कोणता इतिहास? घरं पाडशील तर आधी त्या कुऱ्हाडीच वर येतील, बाबा.

हे पत्र तुला पोचवतो म्हणून तो मागतोय, पण मी देणार नाही, त्याच्याजवळ नुसता निरोप धाडते. तूच पिंप्राळ्याहून ये आणि माझ्यासमोर वाच. उत्तर तुझ्या तोंडून पाहिजे, त्याच्या नाही.

भागाबाई